टॅनरांचे व्याही

परदेशात मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की आधी नाव विचारतो, मग आडनाव, आणि मग ‘कुठले?’ आडनावावर काम भागलं तर तिसऱ्या प्रश्नाची गरज पडत नाही. मला तो प्रश्न कुणी विचारतच नाही. मी रामटेके. आडनाव ऐकलं की समोरच्याचं लगेच समाधान होतं, चेहऱ्यावर एक खास गोडवा येतो, आणि ‘आमच्या ऑफिसातही एक रामटेके होते, फार हुशार हो’ हे वाक्य ऐकावं लागतं. भालेराव या आडनावानं मात्र लोकांची पंचाईत होते. भालेराव ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, आमच्या बौद्धांतही आहेत. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि सरळ विचारायची तर चोरी.

वसंत भालेराव मला पहिल्यांदा दिसले ते क्रॉयडनच्या एका हॉलमध्ये, संक्रांतीच्या कार्यक्रमात. मी तेव्हा नुकतीच नागपूरहून येऊन इथल्या एका केमिस्टकडे फार्मासिस्ट म्हणून लागले होते. माणसांची ओळख व्हावी म्हणून गेले होते आणि एका कोपऱ्यात प्लेट धरून उभी होते. शेजारी एक उंच, काटकुळे गृहस्थ खिचडी खात होते. त्यांना पुण्याहून मुलाकडे आलेल्या एका काकांनी गाठलं.

“भालेराव म्हणजे कुठले?”

“क्रॉयडनचे.”

“नाही, मूळचे?”

“मूळचे ईस्ट क्रॉयडन स्टेशनच्या मागचे. आता साऊथला घर घेतलंय.”

पुण्याचे काका हसले. “तसं नव्हे हो. म्हणजे देशावरचे, की...”

भालेरावांनी प्लेट खुर्चीवर ठेवली, रुमालानं बोटं पुसली. “तुम्हाला माझी जात विचारायची आहे. विचारा ना. मी सांगतो. लाजता कशाला?”

“छे छे, आम्ही असलं काही मानत नाही.”

“मग कुठले भालेराव ते कळून काय करणार होतात?”

काका चहा आणायला गेले ते परत आले नाहीत. भालेराव माझ्याकडे वळून म्हणाले, “चहालाच जातात. नेहमी. या देशात चहाची फार सोय आहे.” मी हसले तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं. घरी जाताना बसमध्ये कळलं की आम्ही एकाच रस्त्यावर राहतो, मध्ये तीन घरं सोडून. त्या दिवसापासून ते माझे भालेराव काका झाले.

काका कौन्सिलमध्ये बिल्डिंग इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर लोकांच्या भिंती ठोकून पाहिल्या. ती खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. घरमालक चहा विसरून भिंतीकडे बघत राहायचा. माझ्या किचनच्या भिंतीला ओल आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ती निघाली. चहा घेताना ते आधी सगळ्यांचे कप बघत. बघितलं न बघितलंसं करून, पण बघत. त्यांच्या स्वतःच्या घरात एकासारखा दुसरा कप नव्हता. शांताकाकूंनी हौसेनं आणलेला सेट त्यांनी चॅरिटी शॉपला देऊन टाकला होता. “सगळे कप वेगळे असले,” ते म्हणत, “की वेगळा कप कुणाचाच नसतो.” काकू गेल्यावर करुणाने, त्यांच्या मुलीने, एक नवा सेट पाठवला. तो खोक्यातच राहिला.

पण काकांचा खरा नाद म्हणजे इंग्रजांची आडनावं. कुठलाही गोरा माणूस भेटला की त्याचं आडनाव काढून घ्यायचं आणि त्याचा अर्थ त्यालाच सांगायचा. फ्लेचर म्हणजे बाण करणारा. कूपर म्हणजे पिंपं बांधणारा. थॅचर म्हणजे छप्पर शाकारणारा. बेलीफ, मिलर, शेफर्ड, सगळे त्यांच्या खिशात. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणून वाचत. रविवारी जुन्या चर्चच्या आवारात जाऊन थडग्यांवरची नावं बघत फिरत. मी एकदा म्हटलं, “काका, विहारात यायचं सोडून तुम्ही हे काय स्मशानात फिरता?” तर म्हणाले, “अगं, तिथे आपले लोक भेटतात. सुतार, लोहार, कुंभार, गुराखी, सगळे एका लायनीत झोपलेत. कुणाला गावाबाहेर काढलेलं नाही.”

त्यांची बॉस एक मिसेस फुलर होती. तिच्या निरोपसमारंभात काकांनी भाषण केलं आणि फुलर म्हणजे काय ते सांगितलं. जुन्या काळी लोकरी कापड घट्ट करायला ते शिळ्या मुतात घालून तासन्‌तास पायांनी तुडवत. ते काम करणारा तो फुलर. “मी तिला सांगितलं की तुझे पूर्वज मुतात नाचत होते,” काका मला सांगत होते, “तर बाई हसून हसून रडली. हाऊ मार्व्हलस म्हणाली. लगेच नवऱ्याला फोन लावला. आता तू कल्पना कर, हेच आपल्याकडे कुणाला सांगितलं असतं तर!” आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, भिंती तपासणाऱ्या माणसाचं वाक्य: “यांची आडनावं वाळलीत गं. आपली अजून ओली आहेत.”

याच मिसेस फुलरने तीस वर्षांत त्यांना कधी भालेराव म्हटलं नाही. ऑफिसात ते ‘मिस्टर बी’ होते. ते स्वतः रिटायर झाले तेव्हा त्यांच्या केकवरही मिस्टर बीच लिहिलं होतं. त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये एक मराठी इंजिनिअर आला होता. काका कोण ते कळल्यावर त्याने त्यांच्याबरोबर डबा खाणं सोडलं आणि साइटवर न्यायचंही टाळायला लागला. काका वर तक्रार घेऊन गेले. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मिस्टर बी, कास्ट ही हिंदूंची गोष्ट ना? पण तुम्ही तर बुद्धिस्ट आहात.” तक्रार तिथेच मिटली. हे सांगताना काका हसायचे. मला मात्र ऐकताना कानशिलं तापायची. इथे अन्याय झाला तर तो त्यांच्या ओळखीचा असावा लागतो, नाहीतर तो झालाच नाही.

करुणा लहानपणापासून हुशार. केंब्रिजला मेडिसिन केलं, मग ग्लासगोला हॉस्पिटलात लागली आणि तिथेच रमली. एका शनिवारी दुपारी काका कोट न घालता माझ्या दारात आले. बाहेर कडाक्याची थंडी होती. मला वाटलं काही बरंवाईट झालं.

“करुणाने लग्न ठरवलंय. शाळेत टीचर आहे. टॉम नाव.”

“अरे वा! अभिनंदन काका.”

“आडनाव विचार.”

“काय आडनाव?”

“टॅनर!” ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. “अगं, टॅनर. कातडं कमावणारा!”

मग तासभर मी टॅनर या आडनावावर व्याख्यान ऐकलं. ओकच्या झाडाची साल कुटून पाण्यात घालायची, त्या खड्ड्यात कातडी महिनोन्‌महिने भिजत ठेवायची. त्याआधी मऊ पडावी म्हणून कुत्र्याची आणि कबुतरांची विष्ठा चोळायची. वास इतका भयंकर की या लोकांना गावाच्या कडेला, नदीच्या खालच्या अंगाला जागा देत, म्हणजे घाण पाणी गावाकडे यायला नको. “ऐकतेस ना? गावाच्या कडेला! नदीच्या खाली!” उत्तरेकडे याच धंद्यातल्या लोकांना बार्कर नाव पडलं, सालवाले म्हणून. दक्षिणेकडे टॅनर राहिलं. आज इंग्लंडात कुठेही जा, टॅनर सापडतो. डॉक्टर आहे, वकील आहे, ट्रक चालवतो, चर्चात व्हिकार आहे. “आणि एकाचीही खुर्ची कुणी लांब सरकवत नाही. का? कारण विसरले. सगळे विसरले. नाव राहिलं आणि वास गेला.”

हे त्यांना एवढं का लागलं ते माझ्यासारखीला सांगावं लागत नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. काका नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांचे वडील गावची मेलेली ढोरं ओढायचे, सोलायचे, आणि लहानगे काका शेजारी बसून कड धरायचे. कातडं ढोर जातीच्या लोकांकडे जायचं कमवायला. दीक्षेचं वारं त्या गावात पोचलं तेव्हा वडिलांनी सांगितलं, आता हे काम करणार नाही. गावाने त्यांचं धान्य बंद केलं. गिरणीवाला दळण घेईना, आई दुसऱ्या गावाला डोक्यावर पाटी घेऊन जायची. मग पाटलाचा बैल मेला. तो गोठ्यासमोर पडून राहिला, फुगला, कुजला. वास गावभर. माणसं येऊन शिव्या देऊन गेली, काठ्या दाखवून गेली. वडील चावडीसमोरच्या लिंबाखाली बसून राहिले आणि उठले नाहीत. शेवटी पाटलाच्या मुलांनी तोंडाला फडकी बांधून स्वतः बैल ओढला. काका तेव्हा शाळेत जायला लागले होते. “माझा बाप लढाई जिंकला ती नुसता बसून,” ते म्हणायचे. ही गोष्ट त्यांच्या घरात देव्हाऱ्यासारखी होती. करुणाने ती किती वेळा ऐकली असेल कोण जाणे.

लग्न ग्लासगोच्या एका हॉटेलात झालं. मीही गेले होते. टॉमचे वडील जेफ्री टॅनर निवृत्त सॉलिसिटर, गुलाबी चेहऱ्याचे, सज्जन. करुणाच्या बाजूला तिच्या हॉस्पिटलातले मित्र होते, त्यांत तीन-चार पुण्यामुंबईची डॉक्टर जोडपी. मुलीच्या वडिलांनी बोलायचं असतं, म्हणून काका उठले. नवा सूट, खिशात निळा रुमाल. त्यांनी टॅनर म्हणजे काय ते सांगितलं, सगळे हसले. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली, लिंबाखालची, बैलाची. आणि शेवटी जेफ्रीकडे ग्लास उंचावून म्हणाले, “माझ्या वडिलांनी कातडं काढलं, यांच्या पणजोबांनी ते कमावलं. म्हणजे आम्ही जुने पार्टनर. हे लग्न आमच्या फर्मचं रीयुनियन आहे.”

गोऱ्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जेफ्रीने उठून काकांना मिठी मारली, म्हणाला, “वी हॅव ऑल कम अ लाँग वे, हॅवन्ट वी?” काकांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला आपल्या बरोबरीचं म्हटलं. मी त्या डॉक्टर जोडप्यांच्या टेबलावर बसले होते. तिथे टाळ्या वाजल्या, पण थोड्या उशिरा. शेजारची बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली, “मला वाटलं होतं हे आपल्यातले भालेराव.” आणि मग माझ्याकडे पाहून ती गोड हसली. तो गोडवा माझ्या चांगला ओळखीचा होता.

करुणा स्टेजवर पांढरीफटक बसली होती. काकांना वाटलं, मुलगी भावुक झाली.

नंतर ती काकांना भेटायला क्रॉयडनला आली तेव्हा माझ्याकडे येऊन बसली. मला म्हणाली, “ताई, त्यांना सांगा ना काहीतरी. ही हॅज नो आयडिया. ती लोक माझे फ्रेंड्स होते. ऑन-कॉल स्वॅप करायचो, एकमेकांकडे जेवायचो. त्यांना वाटत होता मी त्यांच्यातली आहे, सो व्हॉट, मी काही खोटं नव्हते बोलले. आय जस्ट डिडन्ट करेक्ट देम. आता कोणी बोलवत नाही. नोबडी इज रूड. जस्ट, कॅलेंडर फुल असतो सगळ्यांचा.”

“मग असल्या मैत्रीचं काय एवढं?” मी म्हटलं.

“तुम्हाला सोपं आहे बोलायला, तुमचं नावावरूनच कळतो. केंब्रिजमध्ये माझा एक फ्लॅटमेट होती, पुण्याची. कळल्यावर तिने तिची भांडी वेगळ्या कबर्डमध्ये ठेवली आणि त्याला लॉक लावला. इंग्लंडमध्ये, ताई! मी इथे बॉर्न झाले. मी तो गाव पाहिला पण नाही. मला ते नको आहे. माझ्या मुलांना तर अजिबातच नको.”

तिने लग्नानंतर टॅनर आडनाव घेतलं. काकांनी ते सगळ्या रस्त्याला सांगितलं. मुलगी शिकलेली, डॉक्टर, तरी हौसेनं नवऱ्याचं नाव लावते, कारण तिला त्याचा अर्थ कळतो, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याशा प्लंबरच्या व्हॅनवर टॅनर लिहिलेलं दिसलं तर ते फुटपाथवरून हात वर करायचे. प्लंबर बावचळून हॉर्न वाजवायचा. मी त्यांना खरं कसं सांगणार होते? ज्या नावात त्यांना आपल्या बापाची सोबत दिसत होती, त्या नावात मुलगी लपली होती.

त्यांना कळलं ते एलीमुळे. एली म्हणजे नात, एलिनॉर टॅनर. शाळेत जायला लागली तशी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांकडून गोष्ट ऐकायची. एका रविवारी काकांनी तिला बैलाची गोष्ट सांगितली. पोर हरखली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने ती सांगितली, आणि तिच्या वर्गात त्या डॉक्टर जोडप्यांपैकी एकाचा मुलगा होता. त्याने घरी सांगितली. त्या मुलाच्या वाढदिवसाला एलीला त्या घरून बोलावणं आलं नाही. बाकी सगळा वर्ग गेला. एली संध्याकाळी आईला विचारत होती, मला का नाही?

करुणाने काकांना फोन केला. मी तिथेच होते, त्यांनी स्पीकरवर घेतला होता, कारण एक कान कमी ऐकू येत होता. “बाबा, ती पाच वर्षांची आहे. पाच! तुम्ही तिला ते दिलंत. मी काय काय केलं ते तिला लागू नये म्हणून, आणि तुम्ही झूमवर दिलंत!” काका म्हणाले, “अगं, तिच्या पणजोबाची गोष्ट आहे. शरम त्या वाढदिवसवाल्यांना वाटायला पाहिजे.” “त्यांना वाटत नाही, बाबा. दॅट्स द पॉइंट. त्यांना कधीच नाही वाटणार.” आणि तिने फोन ठेवला.

नंतर कितीतरी महिने रविवारचा कॉल आला नाही. काका ठरल्या वेळी टॅब उभा करून समोर बसायचे. मी काही निमित्त काढून जायची. आडनावांची पुस्तकं टेबलावर पडलेली असायची, उघडलेली नसायची. माणूस इतक्या भराभर म्हातारा होताना मी पाहिलेला नाही. आयुष्यभर ज्याने कुणाला चुकवलं नाही, पुण्याच्या काकाला नाही, मॅनेजरला नाही, तो एका पोरीच्या चेहऱ्यासाठी हात टेकून बसला होता. मला करुणाचा राग आला. अजून येतो. तिचं दुःख मला कळत होतं, त्या कुलूप लावलेल्या कपाटाचं आणि न आलेल्या बोलावण्याचं. पण शिक्षा कुणाला झाली? भांडी वेगळी करणाऱ्यांना झाली नाही. बापाला झाली.

शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, “मी करुणाला शब्द दिला. गोष्ट पुन्हा सांगणार नाही. कॉल सुरू होतील.”

“काका, हे बरोबर नाही.”

“बरोबर-चूक मी सगळ्यांना सांगत आलो. आता नात पाहिजे.” मग म्हणाले, “माझ्या बापाचं धान्य बंद केलं तरी तो उठला नाही. मी उठलो.”

जेफ्री टॅनर दर ख्रिसमसला त्यांना फोन करत. एकदा काका फोन ठेवून म्हणाले, “चांगला माणूस आहे. पण तो ‘वी’ म्हणतो तेव्हा त्याला वाटतं की आम्ही दोघंही पोचलोत. त्याचे लोक पोचून चारशे वर्षं झाली. मी अजून जिन्यातच आहे.” हे त्यांनी हसून म्हटलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत. करुणा एलीला घेऊन आठवडाभर क्रॉयडनला आली होती. त्यानंतर मी नागपूरला आईकडे गेले आणि मागे काका हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे ती दुपार माझ्यासाठी शेवटची. मी पोहे घेऊन गेले होते. बाहेर पाऊस होता, एलीचा ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. करुणा सिंकपाशी भांडी धूत होती. एली आता नऊ वर्षांची, आईचे डोळे, टॅनरांचं नाक. तिला शाळेचा प्रोजेक्ट होता: आपल्या घरातली आडनावं. टेबलावर मोठा कागद, रंगीत पेनं. काका तिच्या शेजारी चष्मा सावरत बसले होते आणि फार दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग होता. टॅनरांचं सगळं त्यांनी तिला सांगितलं होतं. ओकची साल, खड्डे, कबुतरांची शी. शी ऐकून ती किंचाळून हसली होती. कागदाच्या डाव्या बाजूला नदी, नदीच्या कडेला खड्डे, नाकाला हात लावलेली माणसं, सगळं काढून झालं होतं.

“टॅनर डन,” एली म्हणाली. “नाऊ युवर्स, आजू. भालेराव मीन्स व्हॉट?”

तिने आडनाव स्वच्छ उच्चारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्या वर्षांत त्यांच्या आडनावाचा अर्थ कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

“भाला म्हणजे स्पिअर, बेटा. राव म्हणजे, वेल, मिस्टरसारखं.”

“मिस्टर स्पिअर! सो तुमचे लोक काय करायचे? टॅनर्स मेड लेदर. व्हॉट डिड युवर पीपल डू?”

सिंकमधला नळ बंद झाला. करुणा वळली, हात निथळत होते. “सोल्जर्स,” ती म्हणाली. “स्पिअर आहे ना? आजूचे लोक सोल्जर होते. लिही.”

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी बोला, असं मी मनात म्हणत होते. काका मुलीकडे बघत होते. करुणाने नजर चुकवली नाही. ती रागात नव्हती. ती विनवत होती, आणि ते बघवत नव्हतं.

“असतील,” काका म्हणाले. “सोल्जर असतील.”

एलीने कागदाच्या उजव्या बाजूला एक मिशीवाला काढला. हातात भाला, खाली घोडा, डोक्यावर फेटा. फेट्याला तिने लाल रंग दिला. काका बघत राहिले. करुणाने पुन्हा नळ सोडला.

मग एली डाव्या बाजूला परत आली. तिथे तिने एक गाय काढली होती. पेनचं टोक चावत म्हणाली, “पण आजू, स्किन काऊवरून निघते कशी? लाइक, हाऊ डू यू गेट इट ऑफ?”

काकांनी खुर्चीवरचा तिचा ओला कोट ओढून टेबलावर आडवा पसरला. त्याची चेन गळ्यापासून खालपर्यंत एका बोटाने हळूच उघडली. “सुरी इथे फक्त,” ते म्हणाले. “पोटावर. थोडीशीच. बाकी सुरीचं काम नाही.” त्यांनी मूठ वळली, अंगठा आत दाबला आणि ती कोटाच्या आत, अस्तराला लागून सारली. “मग मूठ. अशी. ढकलत न्यायची. नख लागलं की कातडं गेलं.” दुसऱ्या हाताने त्यांनी कोटाची कड ताणून धरली होती. त्यांचा आवाज बदलला, इतकी वर्षं क्रॉयडनमध्ये राहून घासलेला आवाज गेला आणि गावचा आला. “वढायचं, पर हळू. तिकडून मूठ, हिकडून वढ. घाई न्हाई करायची. जनावर मेलं तरी त्याला दुखंल असं धरायचं न्हाई.” मूठ अस्तरावरून खांद्यापर्यंत गेली, बाहीत शिरली, आणि कोटाची ती बाजू अलगद उलटी होऊन टेबलावर पडली.

मी करुणाकडे पाहिलं. ती पाठमोरी उभी होती. पाणी नुसतंच वाहत होतं.

एलीचे डोळे मोठे झाले होते. “वॉव! तुम्हाला हे सगळं कसं माहीत, आजू?”

काकांनी बाहीतून हात काढला, कोट उलटा होता तो सुलटा केला आणि चेन वरपर्यंत लावली.

“पुस्तकात वाचलंय, बेटा,” ते म्हणाले. “टॅनर लोक असं करायचे.”